शेजारच्या शेडमधल्या काकांना

काका, साष्टांग नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की ‘असू दे गं’ म्हणून तुम्ही विषयच बंद करता. म्हणून लिहून काढतेय, आणि चारचौघांत वाचता येईल असं. नवीन सीएनसी प्लाझ्मा टेबल (कॉम्प्रेसरची हवा विजेनं तापवून त्या झोतानं लोखंडी प्लेट कापणारं, कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) घेऊन चाचपडणारी माझ्यासारखी पोरं-पोरी आमच्या शिरोली एमआयडीसीतही आहेत.

ऐन जूनमध्ये टेबल आलं. बसवायला आलेल्या माणसानं दोन तासांत एक चौकोन आणि एक गोल कापून दाखवला, सही घेतली आणि गेला. आयटीआयला मी वेल्डिंग केलं होतं, ठिणग्यांची भीती नव्हती. पण पहिल्याच आठवड्यात सहा नोझल, म्हणजे कापणारा झोत ज्या भोकातून येतो ती टोकं, गेली. बाबा काही बोलायचे नाहीत. संध्याकाळी भंगाराच्या ढिगापाशी नुसते उभे राहायचे, आणि मला तेच जड जायचं.

तुम्ही आला होता ग्राइंडर मागायला. मशीनकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ कॉम्प्रेसरपाशी गेलात आणि टाकीखालचा कॉक उघडलात. पांढरट, तेलकट पाणी भळाभळा बाहेर आलं. मग टॉर्च, म्हणजे मशीनचं कापणारं डोकं, खोलून आतला इलेक्ट्रोड माझ्या तळहातावर ठेवलात. तांब्याच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा हाफनियम धातूचा ठिपका असतो, त्या जागी खोल खड्डा पडला होता. नोझलचं भोक उजेडाला धरलं तर ते लांबट झालेलं. ‘भोकच गोल नाही तर कट सरळ येणार कुठनं? आधी हवा कोरडी कर, पोरी.’ आता सकाळी आणि जेवणाच्या सुट्टीत टाकीतलं पाणी काढते, लाइनला ड्रायर बसवलाय. नोझल आता एका दिवसात जात नाही.

बेस प्लेटचं मात्र मी कधीच विसरणार नाही. दहा मिमीच्या चोवीस प्लेट कापल्या आणि सगळ्यांच्या कडा तिरक्या. तुम्ही कडेला गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावलात, फटीतून उजेड दिसला. मला वाटलं टॉर्च वाकडी बसलीय. तुम्ही एवढंच विचारलंत, ‘फिरली कुठल्या बाजूनं?’ नोझलमध्ये हवा गरगरत खाली येते, त्यामुळे टॉर्च ज्या दिशेनं जाते तिच्या उजव्या हाताची कड सरळ येते आणि डावीकडची कलते. म्हणून बाहेरचा कट घड्याळाच्या काट्याप्रमाणे, आतलं होल उलट, म्हणजे तिरकी बाजू भंगारात जाते. माझा प्रोग्रॅम नेमका उलटा होता. दिशा बदलून पंचविसावी प्लेट कापली, तिला गुण्या लावला आणि उजेड दिसला नाही. त्या वेळी मला खरंच रडू आलं होतं.

स्पीडचं शिक्षण त्याहून साधं. सहा मिमीच्या एकाच पट्टीवर पाच स्पीडनं पाच कट, शेजारी खडूनं आकडे. हळू कापलं की खाली वितळलेल्या लोखंडाची जाड, गोळागोळा मळी लटकते, ती छिन्नीच्या एका फटक्यात निघते. फार जोरात कापलं की बारीक, चिवट बर (कडेला चिकटलेली धारदार कोर) राहते आणि ग्राइंडरशिवाय हलत नाही. कडेवरच्या रेषाही मागे ओढल्यासारख्या दिसतात. ‘स्क्रीन काय बघतीस, कड बघ,’ म्हणालात. तेव्हापासून मी कड बघते. मशीनच्या चार्टमधला स्पीडचा आकडा फक्त सुरुवातीला घेते.

बाकी बारीकसारीक खूप आहे. अर्थिंगचा क्लॅम्प गंजक्या पट्टीला न लावता, कापायच्या प्लेटलाच जागा घासून लावायचा. प्लेटच्या जाडीपेक्षा लहान होल प्लाझ्मानं करायचं नाही, नुसती खूण करून ड्रिल मारायचं. पियर्सिंग, म्हणजे कट सुरू करायला प्लेटला पहिलं भोक पाडणं, कटपेक्षा उंचावरून करायचं, नाहीतर उडालेला लोखंडाचा रस परत नोझलवरच बसतो.

पण मला आभार मानायचेत ते आणखी एका गोष्टीसाठी. आठ रविवार तुम्ही आलात आणि एकदाही माझ्या हातातला माउस घेतला नाहीत. मी चुकत असताना शेजारी उभे राहिलात, प्लेट वाया जाऊ दिलीत, मग विचारलंत, ‘काय झालं सांग.’ घरची माणसंसुद्धा इतका धीर धरत नाहीत.

खडूच्या आकड्यांची ती पट्टी मी टेबलाच्या वर टांगून ठेवलीय. बारा मिमीच्या गसेट प्लेटचं (सांधा मजबूत करायच्या प्लेटचं) पहिलं मोठं काम मिळालंय, शुक्रवारी गाडी भरायची आहे. त्याआधी एकदा येऊन कडा बघून जा. तुमचा गुण्या अजून माझ्याकडेच आहे.

तुमची,
पलीकडच्या शेडमधली पोरगी