पात्रात उतरण्यापूर्वी

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री तू म्हणालीस, "बाबा, तो ओढा आहे, नदी नाही," आणि मी ताटावरून उठून गेलो. तसे उठायला नको होते. उद्या पहाटे तू चार महिन्यांच्या सर्वेक्षणाला निघशील, म्हणून हे पत्र तुझ्या नकाशांच्या नळीत ठेवत आहे.

तू झोपल्यावर त्या ओढ्याचा तुझा नकाशा मी भिंगाखाली धरून पाहिला. तुझ्या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र 4 चौरस किलोमीटर, म्हणजे 1:50,000 प्रमाणाच्या नकाशावर अवघे 16 चौरस सेंटीमीटर, तळहाताने सहज झाकले जाईल एवढे. परंतु तेवढ्यावर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर त्याचे 20 कोटी लिटर पाणी होते. जमीन कोरडी असेल तर त्यातले बरेचसे जिरेल, हे मला मान्य आहे. मात्र आधीच्या पावसाने ती भिजलेली असली तर पुष्कळसे पाणी ओघळींतून खाली धावते. त्यात तुझे पाणलोट पंख्यासारखे पसरट आहे. लांबट पाणलोटात जवळच्या ओघळींचे पाणी आधी निघून जाते आणि माथ्याकडचे मागाहून येते; पसरट पाणलोटात साऱ्या ओघळींचे पाणी जवळपास एकाच सुमारास संगमाशी पोचते, त्यामुळे लोंढा थोडा वेळ टिकतो, पण उंच येतो. तू खाली उन्हात मोजपट्टी धरून उभी असताना माथ्यावर पाऊस पडून गेलेला असू शकतो. म्हणून पात्रात उतरण्यापूर्वी वर पाहत जा.

हे मी कोणाला शिकवतो आहे? नऊ वर्षांची असताना तू डोंगराच्या धारेवर दोन्हीकडे पाय टाकून उभी राहिलीस, बाटलीतले पाणी हळूहळू ओतलेस आणि अर्धे पाणी आपल्या ओढ्याला, अर्धे पलीकडच्या ओढ्याला गेले म्हणून नाचलीस. त्या दिवशी मी नकाशावर सोंडेलाच, म्हणजे डोंगराच्या खाली उतरत जाणाऱ्या उंचवट्यालाच, ओघळ समजलो होतो. समोच्च रेषांचे, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचे, टोक माथ्याकडे वळलेले असेल तरच ती ओघळ, पायथ्याकडे वळलेले असेल तर सोंड, हे तू मला दादासमोर ऐकवलेस. दादा किती हसला होता! पुढे पहिल्या श्रेणीचे, म्हणजे ज्यांना दुसरा प्रवाह येऊन मिळत नाही असे, दोन प्रवाह मिळून दुसऱ्या श्रेणीचा होतो, मग दुसरीला पहिली मिळाल्यावर तिसरी का होत नाही, यावर तू मला आठवडाभर छळलेस. नियम मला ठाऊक होता, कारण नीट सांगता येत नव्हते. आज तुझ्या नकाशातली पाणलोटाची सीमा मी दोनदा तपासली आणि एकही चूक सापडली नाही. चूक सापडावी असे मनातून वाटत होते, म्हणजे जाणे दोन दिवस लांबले असते.

पुन्हा व्याख्यान झाले, क्षमा कर. वळणावर बाहेरचा काठ पाणी खालून पोखरते, तिथे कडेला उभी राहू नकोस, हेही मी लिहिणार नव्हतो. त्या निळ्या छत्रीनंतर मला ओढ्याकडे नुसते पाहताच येत नाही, हे तू समजून घेशील.

एवढे मात्र ऐक. पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यातून काटक्या आणि पाला वाहत येऊ लागला, तर नोंद पुरी करण्यासाठी थांबू नकोस. उपकरण तिथेच टाक आणि काठावर चढ. त्याची भरपाई मी करीन.

पोचल्यावर आधी आईला फोन कर. ती काल काही बोलली नाही, पण तुझे बूट तिनेच दोनदा तपासले आहेत.

तुझा,
बाबा