आधी आईचं बीपी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

पार्सलमध्ये दोन वस्तू आहेत: दंडावर बांधायचं बीपीचं मशीन आणि कविता महाजन यांची ‘ब्र’ ही कादंबरी. मशीन दोघांसाठी आहे, पण आधी आईचं मोजायचं. बाबांची फाइल जाडजूड आहे, आईची फाइलच नाही. चक्कर आली तरी ती ‘पित्त असेल’ म्हणून कोकम सरबत पिते आणि कामाला लागते.

सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आणि गोळीच्या आधी मोजायचं. चहा झालाच असेल तर अर्धा तास थांबा. पलंगाच्या कडेवर नको, पाठ टेकेल अशी खुर्ची घ्या. पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. हात टेबलावर ठेवा, पट्टा छातीच्या उंचीला आला पाहिजे. कमी पडलं तर खाली उशी घ्या. हात लोंबकळत राहिला की आकडा जास्त येतो. आई, ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवू नकोस, दंड आवळला जातो. सैल बाहीचा गाऊन घालून, बाही बाजूला करून मोज. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या खळीपासून दोन बोटं वर.

त्याआधी दंडाचा मधला घेर टेपने मोजा. सोबतचा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटरचा आहे. घेर जास्त भरला तर कळवा, मोठा पाठवते. लहान पट्ट्यात बीपी उगाच वाढलेलं दिसतं आणि नको ती गोळी मागे लागते.

मग पाच मिनिटं गप्प बसायचं. आईचं सगळं इथेच बिघडतं. कुकरची शिट्टी झाली की ती उठते, बेल वाजली की उठते. बाबा, तेवढा वेळ गॅस आणि दार तुम्ही बघा, आणि तिला काही विचारू नका. बोलण्यानेही आकडा चढतो. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, संध्याकाळी पुन्हा दोनदा, असं सात दिवस. येतील ते सगळे आकडे वहीत लिहा, बरे वाटतील तेवढेच नकोत. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. एखाद्या वेळी १५० दिसलं म्हणून घाबरू नका. पण १८०/१२० च्या पुढे गेलं आणि छातीत दुखलं किंवा बोलणं अडखळलं, तर थेट हॉस्पिटल.

चक्करेसाठी वेगळं मोजायचं. पाच मिनिटं आडवं पडून एकदा, मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी. बाबा, शेजारी उभे राहा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सांगायचं. चालू गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

मीठ दिवसाला माणशी ५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, लोणचं-पापड-फरसाण धरून. ‘लो सोडियम’ मीठ विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते रक्तात साठतं.

आता पुस्तक. २००५ सालची ही कादंबरी आदिवासी महिला सरपंचांच्या गावांतून फिरणाऱ्या प्रफुल्लाची आहे. १९९३ पासून घटनादुरुस्तीने पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. खुर्ची कायद्याने आली, पण तिच्यावर बसून तोंड उघडणं, गावासाठी काही करून दाखवायची इच्छा धरणं, हे ज्या त्या बाईला स्वतःच करावं लागलं. आई, तुझ्यासाठी हेच पुस्तक घ्यावंसं वाटलं, कारण गुडघा दुखो की डोळ्यांपुढे अंधारी येवो, तू ‘ब्र’ काढत नाहीस. दुपारी आवराआवर राहू दे, खिडकीपाशी चष्मा लावून वीस-वीस पानं वाच.

रविवारी फोन करते. आईचे आकडे बाबांनी सांगायचे नाहीत, आईने स्वतः वहीतून वाचून दाखवायचे.

तुमची,
ताई