लाँगबोर्ड घेताना नक्षी मागाहून, चाके आधी पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरातल्या छोट्या अंतरांसाठी सायकल आणि ई-स्कूटर यांवर वृत्तपत्रांतून बरेच लिहिले जाते. लाँगबोर्डचा, म्हणजे लांब, मोठ्या चाकांच्या स्केटबोर्डचा, विषय निघालाच तर तो तरुणांचा खेळ म्हणून निघतो. खरे तर घर ते स्थानक, स्थानक ते कॉलेज किंवा ऑफिस अशा दोन-चार किलोमीटरांसाठी ही फळी फार कामाची आहे. तिला पार्किंग लागत नाही, कुलूप लागत नाही, पोचल्यावर ती टेबलाखाली सरकवता येते. तरीही हौसेने आणलेल्या कितीतरी फळ्या महिन्याभरात कपाटामागे जातात. दोष बहुतेक वेळा चालवणाऱ्याचा नसतो, निवडीचा असतो. घेताना फळीच्या पोटावरची नक्षी पाहिली जाते. चाकांचा मऊपणा, फळीची जमिनीपासूनची उंची, ट्रकमधली (चाकांची धुरी धरून वळवणाऱ्या, फळीखालच्या धातूच्या भागातली) बुशिंग म्हणजे दबणारी लवचिक कडी, या रोज जाणवणाऱ्या गोष्टींकडे कोणी बघतही नाही.

दुकानात जाण्याआधी स्वतःला दोनच प्रश्न विचारावेत. रोज किती अंतर पायाने रेटायचे आहे? आणि किती अंतर फळी हातात धरून जायचे आहे? सलग दोन किलोमीटरांच्या पुढे रेटायचे असेल तर ३६ ते ४० इंचांची, जमिनीलगतची फळी हवी. जिने, गाडीतली गर्दी, चढ-उतार जास्त असतील तर २८ ते ३४ इंचांची, मागे वर वळलेले शेपूट म्हणजे किकटेल असलेली फळी बरी. मोठ्या लाँगबोर्डचे वजन साडेतीन-चार किलोपर्यंत जाते. दुकानात ते काहीच वाटत नाही, पण पाठीवर पिशवी आणि एका हातात फळी घेऊन तीन मजले चढताना त्यातला प्रत्येक किलो कळतो.

आता चाके, कारण प्रवास सुखाचा होणार की दातांवर दात आपटणार हे त्यांच्यावरच ठरते. करामतींच्या साध्या स्केटबोर्डची चाके ५० ते ५४ मिलिमीटर व्यासाची आणि ९९ए च्या आसपास कडक असतात (‘ए’ हे कडकपणाचे माप, आकडा मोठा तितके चाक कडक). गुळगुळीत सिमेंटवर ती उत्तम चालतात, पण डांबरी रस्त्याची प्रत्येक खडी पायाच्या नडगीपर्यंत पोचवतात. त्याहून वाईट म्हणजे लहान चाकापुढे बोराएवढा खडा आला तरी ते त्यावर चढत नाही, जागच्या जागी थांबते. फळी थांबते, माणूस पुढे जातो. चाकाचा व्यास वाढला की तोच खडा चाकाच्या मानाने लहान ठरतो आणि चाक त्याच्यावरून निघून जाते. शिवाय चाकाचे मऊ पॉलीयुरेथेन (रबरासारखे लवचिक प्लॅस्टिक) खड्याभोवती क्षणभर दबते आणि पुन्हा पूर्ववत होते, त्यामुळे वेगही फार मरत नाही. रोजच्या वापरासाठी ६८ ते ७२ मिलिमीटर व्यास आणि ७८ए ते ८०ए कडकपणा हे माप जवळपास प्रत्येकाला जमते. हे दोन्ही आकडे बहुधा चाकावरच छापलेले असतात. ७५ मिलिमीटरच्या पुढे गेल्यास चाक जड होते, थांबून पुन्हा निघताना जास्त रेटावे लागते आणि फळीही उंच करावी लागते. थांबे आणि चौक ज्यांच्या वाटेवर जास्त, त्यांनी तिकडे जाऊ नये.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फ्रँक नॅसवर्दी यांनी स्केटबोर्डसाठी पॉलीयुरेथेनची चाके बाजारात आणली. त्याआधी चाके लोखंडाची किंवा मातीच्या मिश्रणाची असत. त्या चाकांना रस्त्यावर पकड नव्हती आणि धक्का गिळण्याची ताकदही नव्हती. आजही खेळण्यांच्या विभागात कडक प्लॅस्टिकची चाके आणि प्लॅस्टिकचेच ट्रक लावलेल्या फळ्या मिळतात. मुलाला पहिल्यांदा शिकवायला म्हणूनही त्या घेऊ नयेत. त्या वळत नाहीत आणि ओल्या फरशीवर साबणासारख्या घसरतात.

दुसरी गोष्ट उंचीची. प्रत्येक रेट्याला फळीवरच्या पायाचा गुडघा वाकतो, म्हणजे दर वेळी अर्धी बैठक होते. फळी जितकी उंच तितकी बैठक खोल. टॉप-माउंट प्रकारात ट्रक फळीच्या खाली बसतो. ड्रॉप-थ्रू प्रकारात ट्रकची बैठकपट्टी फळीला पाडलेल्या खिडकीतून वर येते, आणि फळी सुमारे दोन सेंटीमीटर खाली उतरते. दोन सेंटीमीटर ऐकायला काहीच नाहीत, पण शेकडो रेट्यांनंतर मांडीला ते नेमके कळतात. पाय टेकवून ब्रेक लावतानाही हाच फरक जाणवतो. ड्रॉप-थ्रूत फळीच्या दोन्ही टोकांना चाकांसाठी जागा कापलेली असते, त्यामुळे मोठी चाके निर्धास्त लावता येतात. मधला भाग आणखी खाली सोडलेल्या फळ्या रेटायला सगळ्यांत हलक्या जातात, पण उंच गतिरोधकावर त्यांचे पोट घासते.

मग टॉप-माउंट कोणी घ्यावी? ज्यांच्या वाटेत अरुंद गल्ल्या आणि पदपथाच्या कडा जास्त, त्यांनी. तिच्यावर पायाचा दाब सरळ ट्रकवर पडतो, म्हणून ती चपळ वळते. किकटेलवर मागचा पाय दाबला की पुढची चाके उचलता येतात, जागच्या जागी तोंड फिरवता येते आणि न वाकता फळी हातात घेता येते. आमच्या मते लांब, सरळ रस्त्यासाठी ड्रॉप-थ्रू आणि गर्दीच्या तुकड्या-तुकड्यांच्या प्रवासासाठी किकटेलवाली लहान टॉप-माउंट. दोन्ही गुण एकाच फळीत शोधणाऱ्याला बहुधा दोन्हींतले अर्धेच मिळतात.

टॉप-माउंटचा एक धोका मात्र घेण्यापूर्वी तपासलाच पाहिजे. जोरात वळताना चाक फळीच्या पोटाला लागले तर ते तिथेच अडकते. याला व्हीलबाइट म्हणतात. तपासायची रीत सोपी आहे. चारही चाकांच्या वरच्या भागावर खडू घासावा. फळी जागच्या जागी धरून तिच्यावर उभे राहावे आणि आधी बोटांच्या, मग टाचांच्या बाजूला पूर्ण भार टाकावा. उतरून फळी उलटी करावी. पोटाला खडूचा डाग दिसला तर त्याच जागी चालत्या फळीवर चाक घासणार. उपाय म्हणजे ट्रक आणि फळी यांच्यामध्ये ३ किंवा ६ मिलिमीटरची रायझर पट्टी घालणे. पट्टी घातली की बोल्टही तेवढेच लांब घ्यावे लागतात. नट पूर्ण आवळल्यावर बोल्टचे दोन-तीन आटे बाहेर दिसले पाहिजेत. नटच्या आतले नायलॉनचे कडे आट्यांवर चढले नसेल तर थरथरीने नट सुटतो.

फळीच्या लाकडाबद्दल फार लिहीत नाही. मेपलच्या सात ते नऊ थरांची फळी ताठ असते. बांबू आणि फायबरग्लासची लवते, रस्त्याची थरथर गिळते. लवचिक फळी मऊ वाटते म्हणून मोह होतो, पण फार लवत असेल तर रेट्याचा जोर तिच्या लवण्यातच जातो आणि उतारावर ती डोलू लागते. उत्पादक वजनाची मर्यादा देतात. ती पाहताना आपल्या वजनात लॅपटॉप, डबा, पाण्याची बाटली यांसह पाठीवरची पिशवी धरावी. हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

ट्रक दोन प्रकारचे असतात. किंगपिनचा, म्हणजे ट्रकच्या मधल्या मुख्य बोल्टचा, नट फळीच्या टोकाकडे, म्हणजे बाहेर दिसत असेल तर तो रिव्हर्स किंगपिन. तो वळणात सलग, भरवशाचा वागतो. नट आतल्या बाजूला असेल तर तो जुन्या पद्धतीचा. तो बुटका आणि चटकन फिरणारा असतो, म्हणून लहान फळ्यांना शोभतो. कोणताही असो, ट्रकची रुंदी फळीला साजेशी हवी. चाकांच्या बाहेरच्या कडा फळीच्या कडेशी साधारण बरोबरीत आल्या की काम झाले.

पण ट्रकचा खरा जीव किंगपिनवर बसवलेल्या बुशिंगमध्ये असतो, आणि तिथेच सर्वांत जास्त चूक होते. तयार लाँगबोर्डमध्ये मधल्या वजनाच्या माणसाला धरून बुशिंग टाकलेली असते. पन्नास किलोच्या मुलीला ती दगडासारखी लागते, नव्वद किलोच्या माणसाखाली ती पिचून जाते. फळी डगमगते म्हटल्यावर माणूस किंगपिनचा नट आवळत जातो. बुशिंग वॉशरबाहेर फुगते, तिचा परत फिरण्याचा जोर संपतो, काही दिवसांत तिला भेगा पडतात. मग फळी आधी वळतच नाही आणि वळली की एकदम कलंडते. नट आवळून बुशिंगचा कडकपणा वाढत नाही, तिचे आयुष्य तेवढे कमी होते. योग्य उपाय म्हणजे वजनाप्रमाणे बुशिंग बदलणे. साधारण ५५ किलोपर्यंत ७८ए ते ८२ए, ७५ किलोपर्यंत ८५ए ते ८७ए, त्यापुढे ९०ए किंवा अधिक, अशी सुरुवात करून पायाला जमेल तसे वर-खाली करावे. खर्च थोडा असतो, आणि पुष्कळदा नवी फळी घेण्यापेक्षा याने जास्त फरक पडतो.

उतारावर वेग वाढला की फळी डावी-उजवी थरथरू लागते, तेव्हा भार मागच्या पायावर गेलेला असतो. भीतीने माणूस मागेच रेलतो आणि थरथर वाढते. त्या वेळी भार पुढच्या पायावर घ्यावा आणि गुडघे सैल सोडावेत. मागची बुशिंग पुढच्यापेक्षा किंचित कडक ठेवली तर हा त्रास कमी होतो.

बेअरिंगवर मात्र लोक नको तेवढा पैसा घालवतात. जवळपास सगळी बेअरिंग ६०८ मापाचीच असतात: आतला व्यास ८, बाहेरचा २२, जाडी ७ मिलिमीटर. त्यांच्यावरचा एबीईसी आकडा घडणीतली अचूकता सांगतो. आडवे धक्के, धूळ आणि पाणी यांपुढे ते किती टिकतील हे तो आकडा सांगत नाही. त्यापेक्षा चाकाच्या आत दोन बेअरिंगांमध्ये स्पेसरची नळी आणि धुरीवर दोन्ही बाजूंना बारीक वॉशर आहेत का ते पाहावे. स्पेसर नसताना नट घट्ट आवळला की बेअरिंगवर आडवा ताण येतो आणि चाक जड फिरते. बेअरिंग पाण्याने धुऊ नये. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुऊन पूर्ण वाळवावे आणि मग पातळ तेलाचे दोन-तीन थेंब द्यावेत. गंज सोडवणारा फवारा म्हणजे वंगण नव्हे, त्याने असलेले वंगणही निघून जाते.

पावसात ही फळी काढू नये. बेअरिंग गंजतात, लाकडाचे थर सुटतात, आणि रस्त्यावरचे रंगाचे ओले पट्टे किंवा चेंबरचे लोखंडी झाकण यांवर चाकाची पकड जवळजवळ राहत नाही.

फळी घेतल्यावर वेगाआधी थांबणे शिकावे. पुढचे पाऊल फळीच्या दिशेने सरळ करावे, गुडघा वाकवावा, सगळा भार त्याच पायावर घ्यावा. मागचा पाय फळीशेजारी उतरवून तळवा जमिनीला समांतर, आधी अलगद टेकवावा आणि हळूहळू दाबावा. बोटे आधी टेकली तर पाय अडखळतो. भार मागच्या पायावर गेला तर फळी पुढे निसटते. बूट सपाट, जाड तळव्याचे हवेत, आणि ते झिजणार हे धरूनच चालावे. ज्या वेगातून धावत उतरता येणार नाही, त्या वेगात पाय-ब्रेक हाती बसेपर्यंत जाऊच नये. हेल्मेट ईएन १०७८ किंवा एएसटीएम एफ१४९२ मानकाचे असावे, आणि नवख्यांनी मनगटाचे गार्डही घालावेत, कारण पडताना हातच आधी जमिनीला टेकतात.

या पत्राद्वारे विक्रेत्यांना एक कळकळीची विनंती आहे. फळीच्या चिठ्ठीवर लांबीसोबत चाकाचा व्यास आणि कडकपणा, बुशिंगचा कडकपणा आणि वजनाची मर्यादा एवढे चार आकडे ठळक छापा. आपल्या वृत्तपत्रातही खरेदीविषयीचे लेख येतात, त्यांत हे आकडे दिले गेले तर ग्राहक विचारायला शिकतील.

जुनी फळी घेणाऱ्यांनी बोल्टच्या भोकांभोवती बारीक भेगा पाहाव्यात, चाक फिरवून धुरी वाकलेली नाही ना ते बघावे आणि बुशिंग तर बदलावीच. नव्या फळीचे सगळे नट पहिल्या आठवड्यानंतर एकदा तपासावेत. चाकांची झीज एकाच बाजूला दिसू लागली की पुढचे डावे चाक मागे उजवीकडे आणि पुढचे उजवे मागे डावीकडे, अशी अदलाबदल करावी. पिशवीत तीन तोंडांचा एकच पाना पुरतो: चाकांसाठी अर्धा इंच, किंगपिनसाठी ९/१६ आणि बोल्टसाठी ३/८ इंच.

आपले,
लाँगबोर्ड चालवणारे काही वाचक