खालिद जमील यांना आधी दिवस द्या, मग हिशेब मागा

संपादक महोदय,

ढाक्यात बांगलादेशकडून ०-१ अशी हार झाल्यापासून राष्ट्रीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक खालिद जमील यांना काढा, पुन्हा परदेशी कोच आणा, असा सूर लागला आहे. मुंबईच्या कूपरेजवर उभी हयात फुटबॉल बघणारा माणूस म्हणून मला हे मुळीच पटत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री मी मडगावला, फातोर्डा स्टेडियमवर होतो. त्यासाठी कोकण रेल्वेने मुद्दाम गेलो होतो. सिंगापूरविरुद्ध आपल्या छांगतेने लांबून मारलेला फटका जाळ्यात शिरला तेव्हा शेजारच्या अनोळखी गोंयकाराने मला मिठीच मारली. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरने बरोबरी केली, उत्तरार्धात दुसरा गोल चढवला. शिट्टी वाजल्यावर आम्ही दोघे एकमेकांकडे न बघता पायऱ्या उतरलो. २०२७ च्या आशिया चषकाचे दार त्या रात्री बंद झाले. माझ्याही ते जिव्हारी लागले.

पण हिशेब मांडायचा तर पहिल्या पानापासून मांडा. जमील यांची नेमणूक १ ऑगस्टची. त्याआधीच पात्रता फेरीत आपण शिलाँगला बांगलादेशशी गोलशून्य बरोबरी केली होती आणि हाँगकाँगकडून हरलो होतो. दोन सामने, एक गुण. नेमणुकीनंतर महिन्याच्या आत ते संघ घेऊन काफा नेशन्स कप या स्पर्धेसाठी ताजिकिस्तानात गेले, तेही मोहन बागान क्लबने आपले खेळाडू राष्ट्रीय संघाच्या कॅम्पला सोडले नसताना. तिथे यजमानांना २-१ असे हरवले आणि तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत ओमानला पेनल्टींवर नमवले. तेव्हा हेच जमील सगळ्यांचे लाडके होते. त्यानंतर देशातली लीगच वेळेवर सुरू झाली नाही. ज्या खेळाडूंना महिनोन्महिने स्पर्धात्मक सामनाच नाही, त्यांच्याकडून नव्वदाव्या मिनिटापर्यंत दम टिकण्याची अपेक्षा कशी करायची?

जमील काय करू शकतात हे मुंबईकरांनी तरी विसरू नये. कुवेतमध्ये जन्मलेला हा पंजाबी कुटुंबातला मुलगा मुंबईत वाढला, एअर इंडिया आणि महिंद्र युनायटेडकडून मिडफिल्डला खेळला, भारताची जर्सीही घातली. जर्सीवर मद्यकंपनीचे नाव आहे म्हणून कोलकात्याच्या दोन्ही बड्या क्लबांना त्याने नकार दिला होता, हे आजच्या मुलांना ठाऊकही नसेल. दुखापतींनी खेळ संपवला आणि २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तो आय-लीग या तेव्हाच्या देशातल्या अव्वल साखळीत खेळणाऱ्या मुंबई एफसीचा कोच झाला.

ती सात वर्षे मी जवळून पाहिली आहेत. कूपरेजचा स्टँड अर्धाही भरत नसे. पैसा बेताचा, मोठी नावे इतर क्लब घेऊन जात, उरलेल्यांतून संघ उभा करायचा. दर मोसमात वाटायचे की यंदा हे खालच्या श्रेणीत जाणार, आणि दर मोसमात मुंबई एफसी तरून जायची. बचाव घट्ट, एक-एक गुण गोळा करायचा. बघायला देखणे नव्हते, हे मान्य. मीही तेव्हा कुरकुर केली आहे. पण २०१६ मध्ये जमील गेले आणि पुढच्याच मोसमात मुंबई एफसी तळाला जाऊन बाहेर फेकली गेली. तो क्लब नंतर उरलाही नाही.

त्याच २०१६-१७ च्या मोसमात जमील मिझोरमच्या ऐजॉल क्लबला होते. आदल्या वर्षी खाली घसरलेला आणि गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे परत घेतलेला हा संघ. जयेश राणे, आशुतोष मेहता ही मुंबई एफसीत त्यांच्या हाताखाली खेळलेली पोरे तिथे त्यांच्याबरोबर होती. घरच्या मैदानावर मोहन बागानला १-० असे हरवल्यावर शेवटच्या दिवशी शिलाँगला फक्त एक गुण हवा होता. तिथल्या लाजाँग क्लबने सुरुवातीलाच गोल केला. मी घरी टीव्हीसमोर उभाच होतो, बसवत नव्हते. उत्तरार्धात विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली आणि ३७ गुणांवर, बागानपेक्षा एकच जास्त, ईशान्य भारतातला क्लब पहिल्यांदा देशाचा विजेता झाला.

पुढे इंडियन सुपर लीगमध्ये नॉर्थईस्ट युनायटेडला त्यांनी मोसमाच्या मध्यावर हाती घेऊन उरलेल्या साखळीत एकही सामना न हरता उपांत्य फेरीत नेले. जमशेदपूरलाही उपांत्य फेरी आणि सुपर कपचा अंतिम सामना दाखवला.

या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. जमील यांचा हातखंडा रोजच्या सरावात आहे. साधारण खेळाडूला रोज घासून, त्याची जागा पक्की करून ते संघ बांधतात. राष्ट्रीय संघात नेमके हेच हातात नसते. खेळाडू क्लबांचे, कॅम्प मोजक्या दिवसांचा. बागेतला माळी तोच ठेवायचा आणि पाण्याची वेळ काढून घ्यायची, असे झाले आहे. महासंघाने आणि क्लबांनी कॅम्पच्या तारखा आधी ठरवाव्यात, त्या पाळाव्यात, आणि मग दोन वर्षांनी या माणसाला जाब विचारावा. मीही विचारीन.

आपल्या क्रीडा विभागाला एकच विनंती. यापुढे भारताच्या सामन्याचा निकाल छापताना, त्या सामन्याआधी कॅम्प किती दिवस झाला आणि पहिल्या दिवशी किती खेळाडू हजर होते, तेवढ्या दोन ओळी खाली छापाव्यात.

आपला नम्र,
कूपरेजचा एक जुना प्रेक्षक
परळ, मुंबई