जेनाची सुटका चेकने झाली नाही

माननीय संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत 'वेट्रेस' या चित्रपटावरचा लेख वाचला. २००७ च्या आणि आपल्याकडे फारशा कोणी न पाहिलेल्या चित्रपटाला तुम्ही अर्धं पान दिलंत, याबद्दल आभार. पण ते अर्धं पान वाचल्यापासून माझी जी चिडचिड चालू आहे, ती लिहून काढल्याशिवाय थांबणार नाही.

लेखकमहाशय लिहितात की, बिचारी वेट्रेस जेना अखेर ज्यो या म्हाताऱ्या मालकाच्या चेकमुळे अर्ल या नवऱ्याच्या तावडीतून सुटते आणि त्याआधी देखणा डॉक्टर तिला जगायला शिकवतो. त्यांनी शेवटची वीस मिनिटं नीट पाहिली आहेत का, असा माझा सरळ प्रश्न आहे.

बाळ जन्मतं. मुलगी होते. अर्ल लगेच जवळ येऊन आठवण करून देतो की, बाळावर माझ्यापेक्षा जास्त माया करणार नाहीस असं तू कबूल केलं आहेस. तेव्हा ती, त्याच खाटेवर, पोरीला कुशीत घेऊन त्याला सांगते की तुझ्यावर माझं प्रेम उरलेलं नाही, कित्येक वर्षांपासून नाही, मला घटस्फोट हवा आहे आणि यापुढे माझ्या जवळ यायचं नाही. ज्योने दिलेलं पाकीट त्या वेळी बंद आहे. आत २,७०,४५० डॉलरचा चेक आहे हे तिच्या गावीही नाही. ती ते उघडते अर्लला हाकलल्यानंतर. तोंड उघडलं तेव्हा तिच्याकडे काय होतं? 'पाय' (आत सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) करणारे दोन हात आणि एक तान्ही पोर. घरात जागोजागी लपवलेले पैसे तर अर्लने कधीच शोधून काढले होते आणि बाळासाठी साठवले असं खोटं सांगून तिला वेळ मारून न्यावी लागली होती.

हा क्रम उलटा केला की सगळा चित्रपटच उलटा होतो. डॉक्टरचं म्हणाल, तर तो स्वतः लग्न झालेला माणूस आहे आणि इस्पितळातून निघताना जेना त्यालाही निरोप देते. जगायला शिकवणाऱ्याला कोणी असं वाटेत सोडून जात नाही.

मला हे इतकं लागायचं कारण सांगते. आम्ही काही वर्षं अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या एका लहान गावात राहत होतो. ग्रीन कार्ड हातात आल्यावर मी तिथल्या हमरस्त्यावरच्या डायनरमध्ये, म्हणजे छोट्या खानावळीत, काम केलं. ट्रे उचलला, कॉफी ओतली, टेबलं पुसली. त्यामुळे या कामाचा हिशेब मला तोंडपाठ आहे. ज्यांना टिप मिळते त्यांना मालकाने तासाला २ डॉलर १३ सेंट दिले तरी तिथल्या केंद्रीय कायद्याला चालतं. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. बाकीचं गिऱ्हाइकाने टेबलावर काय ठेवलं त्यावर. टिप कमी पडली तर मालकाने किमान वेतनापर्यंत भर घालायची असते, पण ती मागायची हिंमत कितीजणी करतात, हे मी पाहिलं आहे.

माझ्याबरोबर एक बाई होती. तिचं नाव लिहीत नाही. शिफ्ट संपली की आम्ही मागच्या टेबलाशी बसून दुसऱ्या दिवशीसाठी काटे-चमचे कागदी रुमालात गुंडाळून ठेवायचो. ते काम करता करता ती ॲप्रनच्या खिशातल्या एक-एक डॉलरच्या नोटा मांडीवर सरळ करायची. बहुतेक सगळ्या पुन्हा खिशात जायच्या. त्यातल्या चार-पाच मात्र बारीक घडी घालून बुटात, टाचेखाली. बाहेर नवरा ट्रकचं इंजिन चालू ठेवून बसलेला असायचा. ती दार उघडून आत बसली की तो पहिल्यांदा हात पुढे करायचा आणि दिव्याखाली नोटा मोजायचा. काचेतून आम्हाला दिसायचं सगळं. टाचेखालच्या नोटा दुसऱ्या दिवशी माझ्याकडे यायच्या आणि मी त्या घरी तांदळाच्या डब्यात ठेवायची, कारण तिच्या घरात लपवायला एकही जागा राहिली नव्हती.

एका सकाळी ती मुलीला घेऊनच कामावर आली. मला म्हणाली, डबा रिकामा कर. मी घरी जाऊन पैसे आणून दिले. दुपारच्या बसने ती अलाबामात बहिणीकडे निघून गेली. डायनरच्या मालकाने तिला चेक दिला नाही. दिला तो राहिलेला पगार, तोही कुरकुरत. कोणी डॉक्टर आला नाही. त्या पैशांत दोन महिन्यांचं घरभाडंसुद्धा झालं नसतं, आणि तरी ती गेली. म्हणून 'चेकमुळे सुटते' हे वाक्य मला सहन झालं नाही.

चित्रपट निर्दोष आहे असं माझं म्हणणं नाही. जेनाबरोबर काम करणाऱ्या डॉनच्या मागे लागलेला तो ओगी, नाही म्हटलं तरी रोज येऊन बसणारा, मला अजिबात गोड वाटला नाही. आपल्या लेखकांना नेमका तोच आवडला. त्यापेक्षा जेनाच्या पायबद्दल चार ओळी लिहिल्या असत्या तर बरं झालं असतं. ही बाई मनातलं बोलू शकत नाही, म्हणून पायला नावं देते. 'आय हेट माय हजबंड पाय' कशी करायची तेही ती सांगते. कडसर चॉकलेट घ्यायचं, त्यात साखर घालायची नाही, त्याचं पुडिंग करायचं आणि कॅरॅमेलमध्ये बुडवायचं. दिवसभर दुसऱ्यांच्या ताटात गोडधोड वाढणाऱ्या बाईचा राग पडद्यावर इतका खरा मी क्वचित पाहिला आहे.

हे लिहिणारी आणि दिग्दर्शित करणारी एड्रिएन शेली हिच्यावर लेखात एक परिच्छेद आहे, आणि तो पूर्ण तिच्या खुनावर आहे. १ नोव्हेंबर २००६ ला न्यूयॉर्कमध्ये तिचा खून झाला, ती चाळीस वर्षांची होती आणि जानेवारी २००७ मध्ये सनडान्स महोत्सवात चित्रपट दाखवला गेला तेव्हा ती हयात नव्हती, हे खरंच आहे. पण तिने केलं काय, ते कोण सांगणार? १९८९-९० च्या सुमारास दिग्दर्शक हॅल हार्टलीच्या चित्रपटांतली नटी म्हणून लोक तिला ओळखायचे. नंतर ती स्वतः लिहायला आणि दिग्दर्शन करायला लागली. ही पटकथा तिने स्वतः गरोदर असताना लिहिली, आई होण्याची भीती मनात असताना. तुमच्या लेखात जिचा उल्लेख 'डॉनची भूमिका करणारी चष्मेवाली अभिनेत्री' एवढाच आहे, ती शेलीच आहे. शेवटी रस्त्यावरून जेनाचा हात धरून चालणारी तिची छोटी लेक लुलू झालेली पोर ही शेलीचीच मुलगी. तुमच्या लेखात मारेकऱ्याला जेवढ्या ओळी मिळाल्या, तेवढ्या तिच्या कामाला मिळाल्या नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

आणि ते छायाचित्र. खाली जेनाची भूमिका करणाऱ्या 'केरी रसेल'चं नाव छापलं आहे, पण फोटो चित्रपटातला नाहीच, मागे वादक बसलेले चक्क दिसताहेत. ब्रॉडवेवर २०१६ मध्ये याच गोष्टीवर गायिका सारा बरेलिसच्या गाण्यांची संगीतिका आली, त्यातला तो आहे. पुरवणीचं पान छपाईला जाण्यापूर्वी कोणी पाहतं की नाही? गेल्या महिन्यातही एका नाट्यपरीक्षणाला भलत्याच नाटकाचा फोटो लागला होता. तेव्हा एका वाचकाने कळवूनही दुरुस्ती आली नाही.

या वेळी ती येत्या रविवारी, त्याच पानावर आणि वाचता येईल एवढ्या टाइपात छापावी. जागा उरली तर पाकीट कधी उघडलं तेही छापावं.

आपली,
एक नियमित वाचक, मिरज
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)