‘काय झाडी’च्या पुढचं बोलणं

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

परवा तू आईला फोनवर सांगत होतास ते माझ्या कानावर आलं. हिंजवडीच्या ऑफिसात नव्या साहेबानं गाव विचारलं, तू सांगोला म्हणालास आणि सगळे एका सुरात ओरडले, “काय झाडी, काय डोंगार, काय हाटील!” तू “एकदम ओक्के” म्हणालास, सगळे हसले आणि मीटिंग सुरू झाली. आईला गंमत वाटली. मलाही वाटली. रागवण्यासारखं त्यात काही नाही. पण तुझ्या आवाजात जरा कंटाळा होता, म्हणून लिहायला बसलो. फोनवर हे जमत नाही, अर्ध्यात तुझा दुसरा कॉल येतो.

२०२२ च्या जूनमध्ये आपले तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील शिवसेनेच्या बंडखोर आमदारांबरोबर गुवाहाटीच्या हॉटेलात होते. तिथलं त्यांचं ते फोनवरचं बोलणं बाहेर आलं, तेव्हा राज्य त्यांच्या उच्चारावर हसलं. आपल्याकडं म्हातारीकोतारी तसंच बोलतात, त्यामुळं आपल्याला त्यात नवल वाटलं नाही. मला वेगळंच जाणवलं. एवढं राजकारण चाललेलं, एवढं मोठं हॉटेल, आणि माणसाच्या तोंडी पहिल्यांदा काय आलं? झाडी! माणदेशातला माणूस आहे बाबा तो. बाभळी, बोरी आणि कुसळं बघत वाढलेला. जिथं २०१९ साली जनावरं चारा छावणीत बांधायची पाळी आली, तिथल्या माणसाला गुवाहाटीचे हिरवे डोंगर बघून दुसरं काय सुचणार? बापूंचं राजकारण मला पटो न पटो, ते कौतुक खरं होतं. तेवढ्या एका गोष्टीवर सांगोल्याबद्दल तासभर बोलता आलं असतं. कुणी विचारलंच नाही.

आणि ते ज्या आसामात बसून बोलत होते, तिथं त्याच दिवसांत महापूर होता. सिलचर शहर पाण्यात होतं. आपल्याकडच्या किती जणांना हे आठवतं? इकडं २९ जूनला मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, ३० ला नवे आले. पक्ष कुणाचा, चिन्ह कुणाचं, हे निवडणूक आयोगाकडं गेलं. पक्षांतरबंदीच्या कायद्यात हे बसतं का, हा प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला. कोर्टाचा निकाल आला मे २०२३ मध्ये. आमदारांच्या अपात्रतेवर विधानसभा अध्यक्षांचा निर्णय यायला जानेवारी २०२४ उजाडला. तुझ्या टेबलावरच्यांना यातलं एक तरी सांगता येतं का बघ. हाटील मात्र सगळ्यांना पाठ.

ह्यात पोरांचा दोष कमीच. चॅनेलवाल्यांना ती क्लिप दिवसभर चालवणं परवडतं. वार्ताहर पाठवावा लागत नाही, कायदा समजून घ्यावा लागत नाही. चॅनेलवरून रील, रीलवरून टीशर्ट, टीशर्टवरून गणपतीचा देखावा. आणि असं वाक्य कुणा एकाचं राहत नाही. ऑगस्टमध्ये विरोधकांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर त्याच ‘ओक्के’ला ‘५० खोके’ जोडून, म्हणजे बंडखोरांनी पन्नास कोटी घेतल्याचा आरोप करत, घोषणा दिल्या. ज्यांची मस्करी करायची त्यांचाच शब्द!

गाजण्याचं आणि निवडून येण्याचं गणित मात्र निराळं आहे बरं का. २०१९ च्या लोकसभेला राज ठाकऱ्यांचं ‘लाव रे तो व्हिडिओ’ पोरासोरांच्या तोंडी होतं. त्यांच्या पक्षानं उमेदवार उभे केले नव्हते, ते सभा घेत होते भाजप-शिवसेना युतीच्या विरोधात, आणि युतीनं ४८ पैकी ४१ जागा घेतल्या. बापूंचंही तेच. राज्यभर नाव झालं आणि २०२४ ला सांगोल्यानं आबासाहेबांचा नातू निवडला. आबासाहेब म्हणजे गणपतराव देशमुख, अकरा वेळा एकाच मतदारसंघातून आमदार, तेही शेतकरी कामगार पक्षासारख्या लहान पक्षाचे. त्यांचं एक तरी गाजलेलं वाक्य सांग मला. मलाही आठवत नाही. पाण्याचं काम आठवतं.

मला खुपतं ते इथं, घरात. तुझे दोन्ही काका जेवायला बसले की एक म्हणतो ‘गद्दार’, दुसरा म्हणतो ‘मग पहाटेच्या शपथविधीचं काय?’ त्यावर पहिला ‘तुमच्या वेळी कुठं गेला होतात?’ पुढचं मी आमटी वाढता वाढता म्हणून दाखवीन. दोघंही हुशार. धाकट्याची डाळिंबाची अर्धी बाग तेल्या रोगानं गेली, थोरल्याच्या शेतापर्यंत कॅनॉलचं पाणी कधी येतं, कधी नाही. दोघांनी त्यावर एकमेकांशी शेवटचं कधी बोललं, देव जाणे. भाकरी संपते, हात धुतात, दोघंही जिंकलेले असतात.

इथपर्यंत चेष्टेवारी चालते. पण तयार वाक्य तोंडात असलं की समोरचा माणूस दिसत नाही, हे मी फार जवळून पाहिलंय. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. ‘मुलं पळवणारी टोळी आलीय’ हे मोबाइलवर आधीच फिरलं होतं. बाजाराच्या दिवशी भिक्षा मागत आलेल्या पाच नाथपंथी डवरी गोसाव्यांना लोकांनी ठेचून मारलं. बहुतेक जण आपल्या शेजारच्या मंगळवेढा तालुक्यातले. त्या महिन्यातच व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, २०२० मध्ये फार फिरलेल्या मेसेजला ती एकावर आणली. वेग कमी झाला असेल. पण ‘तुम्ही कुठले? इकडं कसं काय?’ एवढं विचारायला कंपनी कशी लावणार?

तर साहेब पुन्हा ‘काय झाडी’ म्हणाला तर हस, ‘ओक्के’ही म्हण, उगीच तोंड वाकडं करू नकोस. गावाबद्दल भाषण तर मुळीच देऊ नकोस, लोक पळतील. पण एक वाक्य तुझं घाल. म्हण, साहेब, आमच्याकडं झाडी नाही म्हणूनच त्यांना दिसली. मग त्याला त्याचं गाव विचार आणि तिथं उन्हाळ्यात पाणी कुठून येतं ते विचार. माणूस पाण्यावर बोलायला लागला की रील विसरतो, हा माझा अनुभव आहे. तो नागपूरचा निघाला तर संत्र्यावरून सुरुवात करू नकोस म्हणजे झालं, त्यालाही रोज तेच ऐकावं लागत असणार.

रविवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं भगव्या डाळिंबांची एक पेटी पाठवतोय. सकाळी वाकडला उतरवून घे, ड्रायव्हरचा नंबर आई पाठवेल. फळ यंदा लहान आहे, पण गोडीला कमी नाही. चार-पाच ऑफिसात ने. दर कुणी विचारला तर इथं व्यापारी काय देतो तेही सांग आणि तिकडं मॉलमध्ये काय लावतात ते बघून मला कळव.

तुझा,
आप्पा