किल्ली जवळ ठेवायची, तर अशी ठेव

सातारा

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तुझे बिटकॉइन आणि इथर, म्हणजे ते डिजिटल कॉइन, अजून एक्स्चेंजच्या, म्हणजे त्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या कंपनीच्या, अ‍ॅपमध्येच आहेत, आणि आता ते स्वतःच्या वॉलेटमध्ये घ्यायचा तुझा विचार आहे, हे तू फोनवर सांगितलंस. कोणतं वॉलेट घेऊ, असंही विचारलंस. हे फोनवर घाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. पैसे यात घालावेत की नाही, यावर आपलं बोलून झालंय, तो विषय इथे काढत नाही. तुझ्या कष्टाचे पैसे आहेत आणि ते तुझ्याच हातात राहावेत, एवढंच मला वाटतं.

पहिली गोष्ट. बिटकॉइन तुझ्या फोनमध्ये नसतो आणि वॉलेटमध्येही नसतो. कोणत्या पत्त्यावर किती कॉइन आहेत, याची नोंद जगभरच्या हजारो संगणकांवर असते. ती नोंद हलवायची तर सही लागते, आणि सही करणारी प्रायव्हेट की, म्हणजे गुप्त डिजिटल किल्ली, ज्याच्याकडे, तो मालक. वॉलेट म्हणजे ही की सांभाळणारं साधन. एक्स्चेंजवर तुझे कॉइन दिसतात तेव्हा की त्यांच्याकडे असते. तुला दिसतो तो त्यांच्या वहीतला आकडा, म्हणजे त्यांचं तुला असलेलं देणं. बँकेतल्या ठेवीचंही तसंच असतं, पण तिथे ठेव विमा महामंडळाचं 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, वर रिझर्व्ह बँक आहे. एक्स्चेंजवर असा ठेव विमा नाही.

वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजचं प्रकरण तुला माहीत आहेच, पण ते नीट समजून घे, कारण तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे. 18 जुलै 2024 रोजी त्यांच्या एका वॉलेटमधून सुमारे 23 कोटी डॉलरचे, म्हणजे जवळपास 2,000 कोटी रुपयांचे कॉइन गेले. ते वॉलेट एका किल्लीवर उघडणारं नव्हतं. कंपनीने दिलेल्या माहितीनुसार त्यावर सहा जणांना सहीचा अधिकार होता, पाच त्यांच्याकडचे आणि एक कॉइन सांभाळणाऱ्या दुसऱ्या कंपनीचा. व्यवहाराला त्यांच्या तिघांच्या सह्या आणि वर त्या कंपनीची मंजुरी लागायची. ते तिघं हार्डवेअर वॉलेटच, म्हणजे की आत सांभाळणारं वेगळं छोटं यंत्रच, वापरत होते. तरीही चोरी झाली, कारण पडद्यावर दिसत होता एक व्यवहार आणि प्रत्यक्षात सही पडली दुसऱ्यावर. पुढे अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने या चोरीमागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचं संयुक्त निवेदनात म्हटलं. ग्राहकांचे कॉइन मात्र अडकले ते अडकलेच. सिंगापूरच्या न्यायालयात योजना मंजूर होऊन एक्स्चेंज पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर 2025 उजाडला.

त्याआधीच, फेब्रुवारी 2025 मध्ये, बायबिट या परदेशी एक्स्चेंजमधून जवळपास दीड अब्ज डॉलरचे इथर गेले. तिथेही तोच प्रकार. ज्या वेबपानावरून सह्या व्हायच्या, ते पुरवणाऱ्या कंपनीतल्या एका डेव्हलपरचा संगणक आधी ताब्यात घेतला गेला, पानात चोरकोड घुसवला गेला, आणि सही करणाऱ्यांना सगळं नेहमीसारखंच दिसलं.

बँकेत आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असायच्या. एक हेड कॅशिअरकडे, एक अधिकाऱ्याकडे. त्याला जॉइंट कस्टडी म्हणतात. नव्या मुलांना मी नेहमी सांगायचे, की दोन किल्ल्या आहेत म्हणून रोकड सुरक्षित नसते. दुसरा माणूस स्वतः मोजून सही करतो, म्हणून ती सुरक्षित असते. पहिल्याने सही केलीच आहे, असं म्हणून दुसऱ्याने डोळे मिटून केली, की दोन किल्ल्यांची एकच किल्ली होते. वॉलेट निवडताना तू मनात हेच धर. किल्ली कोणाकडे आहे हा एक प्रश्न, आणि सही करताना मला नेमकं काय दिसतं हा दुसरा. हे यंत्र चांगलं की ते, हे त्यानंतर.

तुझ्याकडे जेवढी रक्कम आहे आणि ती जितकी वर्षं ठेवायचा तुझा विचार आहे, ते पाहता हार्डवेअर वॉलेट घे, असं माझं स्पष्ट मत आहे. की त्या छोट्या यंत्रातच तयार होते, तिथेच राहते आणि सही आतल्या आत होते. तुझ्या लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला तरी की त्याच्या हाती लागत नाही. प्रागची ट्रेझर आणि पॅरिसची लेजर या दोन जुन्या कंपन्या, दोघींची यंत्रं 2014 पासून बाजारात आहेत. दोघींच्याही उणिवा उघड झालेल्या आहेत, आणि मला ते बरंच वाटतं, कारण आपल्याला त्या माहीत होतात. ट्रेझरचा कोड कोणालाही तपासता येतो, पण जानेवारी 2020 मध्ये क्रॅकेन या एक्स्चेंजच्या संशोधकांनी जुनं यंत्र हातात आल्यावर पंधरा मिनिटांत त्यातून की काढून दाखवली. त्यांच्या नव्या सेफ मालिकेतल्या यंत्रांत त्यासाठी वेगळी सुरक्षा चिप आली आहे. लेजरमध्ये अशी चिप आधीपासून आहे, पण 2023 मध्ये त्यांनी रिकव्हरी शब्दांची (ज्यांवरून वॉलेट पुन्हा उभं करता येतं, त्यांच्याबद्दल पुढे लिहिते) प्रत तुकडे करून कंपन्यांकडे ठेवायची ऐच्छिक सेवा जाहीर केली आणि ग्राहक खवळले. तू ती सेवा घेऊ नकोस, एवढं पुरे. दोन्हींपैकी कोणतंही घे, पण ज्याच्या पडद्यावर पूर्ण पत्ता आणि रक्कम ठळक वाचता येते, असंच घे. पडदा इवलासा असेल तर तू वाचायचा कंटाळा करशील.

यंत्र कंपनीच्या अधिकृत साइटवरून किंवा त्यांनी नाव दिलेल्या विक्रेत्याकडूनच मागव. सेलमधलं, वापरलेलं, मित्राने दिलेलं नको. खोक्यात आधीच छापलेले शब्द निघाले तर ते यंत्र त्याच क्षणी बाजूला ठेव, कारण ते शब्द दुसऱ्या कोणाकडेतरी असणारच. 2020 मध्ये लेजरच्या 2 लाख 70 हजारांहून अधिक ग्राहकांची नावं, पत्ते आणि फोन नंबर फुटले होते. नंतर त्यांतल्या काहींना घरपोच बनावट यंत्रं आली, सोबत कंपनीच्या नावाचं पत्र, की सुरक्षेसाठी हे नवं वापरा. तुला असं काही आलं तर उघडूही नकोस.

आता शब्दांबद्दल, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे. यंत्र सुरू करताना ते तुला काही इंग्रजी शब्द दाखवेल. ट्रेझरची नवी यंत्रं आपणहून 20 शब्दांचा वेगळा प्रकार देतात, तिथे 12 किंवा 24 शब्दांचा प्रकार निवड. हे शब्द 2,048 शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात, आणि त्यांच्यापासूनच तुझ्या सगळ्या किल्ल्या बनतात. यंत्र हरवलं, जळलं, कंपनी बुडाली, तरी हे शब्द दुसऱ्या कंपनीच्या वॉलेटमध्ये भरून बहुतेक कॉइन परत मिळतात. म्हणजे शब्द ज्याच्या हाती, कॉइन त्याचे. त्याला तुझं यंत्रही लागत नाही आणि तुझा पिनही लागत नाही.

म्हणून त्यांचा फोटो काढायचा नाही. तुला प्रत्येक गोष्टीचा फोटो काढायची सवय आहे, मला ठाऊक आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने स्पार्ककॅट नावाचा प्रकार उघड केला. गूगल प्ले आणि अ‍ॅपल या दोन्ही स्टोअरवरची काही अ‍ॅप्स लोकांच्या गॅलरीतले फोटो चाळून त्यातले असे शब्द वाचून पाठवत होती. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवणं, ईमेलच्या ड्राफ्टमध्ये ठेवणं, नोट्समध्ये लिहिणं, यातलं काहीही नको. आधी कागदावर लिही, मग स्टीलच्या पट्टीवर ठोकून घे. यादीतला प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो, त्यामुळे चारच ठोकले तरी चालतात. कागदाचं आपल्याकडच्या पावसात काय होतं, हे तुला सांगायला नको. 2021 च्या जुलैत चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, तेव्हा वह्या-दप्तरांचा लगदा झाला होता.

शब्दांवर आणखी एक गुप्त शब्द चढवता येतो, त्याला पासफ्रेज म्हणतात. उपयोगी आहे, पण तू सुरुवातीला तो लावू नकोस. चोरापेक्षा विसरण्याने जास्त नुकसान होतं, असं माझं मत आहे. एका प्रोग्रामरचे 7,002 बिटकॉइन अजून एका पेनड्राइव्हमध्ये अडकलेले आहेत, कारण पासवर्डचा कागद हरवला आणि पेनड्राइव्ह दहाच प्रयत्न देतो.

यंत्र आलं की सगळी रक्कम एकदम हलवू नकोस. आधी तुझं अ‍ॅप कॉइन बाहेर काढू देतं का ते बघ, काही भारतीय अ‍ॅप्स देत नाहीत. मग थोडीशीच रक्कम पाठव. नेटवर्क, म्हणजे कॉइन ज्या साखळीवरून जाणार ती, दोन्हीकडे तेच निवडलंय ना, ते पाहा. पत्ता यंत्राच्या पडद्यावर अक्षरन् अक्षर जुळव. पहिली-शेवटची चार अक्षरं पाहून सोडू नकोस, कारण तेवढी जुळणारे पत्ते चोर मुद्दाम तयार करतात आणि तुझ्या व्यवहारांच्या यादीत घुसवतात. जुन्या यादीतून पत्ता कॉपी करायचाच नाही. रक्कम पोचली की यंत्र पूर्ण पुसून टाक आणि लिहिलेल्या शब्दांवरून ते पुन्हा उभं कर. शिल्लक दिसली, तर तुझं लिहिणं बरोबर आहे. उरलेलं त्यानंतर पाठव.

इथरच्या बाबतीत आणखी काळजी घे. बिटकॉइनच्या सहीत पाठवायचं काय आणि कोणाला, एवढंच असतं. इथरवरच्या साइट्स मात्र परवानग्या मागतात, आणि एका सहीने तुझे टोकन, म्हणजे इथरच्याच नेटवर्कवरची इतर नाणी, अमर्याद काढायची मुभा देऊन बसता येतं. पडद्यावर नुसती आकड्यांची रांग दिसली आणि अर्थ लागला नाही, तर सही करायची नाही. मोफत टोकन वाटणाऱ्या साइट्सना हे यंत्र जोडूच नकोस. असलं काही करून बघायचंच असेल, तर फोनवर वेगळं वॉलेट ठेव आणि त्यात गेलं तरी झोप उडणार नाही एवढेच पैसे घाल.

एक्स्चेंजवर जे राहील त्याला एसएमएसच्या ओटीपीवर ठेवू नकोस. तुझ्या नावाचं दुसरं सिम काढून ओटीपी पळवणारे आहेत. फोनवरच कोड बनवणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप किंवा पासकी, म्हणजे फोनच्या लॉकने उघडणारं लॉगिन, लाव, आणि आधी ईमेल पक्का कर. अडचण आली तर कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधायचा नाही. टेलिग्रामवर मदत करतो म्हणणारा प्रत्येक जण चोर समज. शब्द विचारणारा कोणीही असो, तो चोरच. काही विपरीत घडलंच तर लाजून गप्प बसू नकोस, त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन कर आणि मग मला.

तुझ्याकडे किती आहे, हे ऑफिसात सांगू नकोस. जानेवारी 2025 मध्ये फ्रान्समध्ये लेजरच्या एका सहसंस्थापकाला घरातून पळवून नेलं आणि त्याचं बोट कापलं. मदत करणाऱ्यालाही शब्द दाखवायचे नाहीत, तो कितीही जाणकार असला तरी. गेनबिटकॉइन या बिटकॉइनच्या गुंतवणूक घोटाळ्याच्या तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी मार्च 2022 मध्ये अटक केली. आरोपींच्या वॉलेटमधले कॉइन वळवल्याचा आरोप त्यांच्यावर आहे.

करांचं तुला माहीत आहे, नफ्यावर 30 टक्के आणि एकातला तोटा दुसऱ्यातून वजा होत नाही. स्वतःच्याच वॉलेटमध्ये हलवणं ही विक्री नव्हे, पण तारीख, रक्कम आणि व्यवहाराचा क्रमांक लिहून ठेव. पुढे कोणी विचारलं तर दाखवता यायला हवं.

स्टीलची पट्टी आपल्या लॉकरमध्ये ठेवायची, असं मी आणि बाबांनी ठरवलं आहे. लॉकरात काय आहे हे बँकेला माहीत नसतं, आणि चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीने नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच असते, पुरासाठी तीही नाही. म्हणून दुसरी पट्टी तुझ्याकडे, पण यंत्रापासून वेगळ्या जागी. दोन्ही पट्ट्या लिफाफ्यांत घालून सीलबंद कर, वर आडवी सही कर. आम्ही ते उघडणार नाही. मात्र तुला काही झालं तर कसं उघडायचं, कुठलं यंत्र, कुठलं अ‍ॅप, हे एका वेगळ्या कागदावर साध्या मराठीत लिहून दे. त्या कागदावर शब्द नकोत. असं लिहायला मला जड जातं, पण कितीतरी घरं वारसांना काही ठाऊक नसल्यामुळे काउंटरवर हेलपाटे घालताना मी पाहिली आहेत.

लॉकरवर तुझं नाव जोडायचा फॉर्म मी आणून ठेवला आहे. येताना आधार आणि पॅनच्या प्रती आणि दोन फोटो आण. शनिवारी येणार असशील तर दुसरा आणि चौथा सोडून ये, त्या दिवशी बँक बंद असते.

तुझी,
आई